विंडोज ११ आत्ताच घ्यायचं का?

ताईंनो, संघाच्या कॉम्प्युटरवर ‘विंडोज ११ घ्या’ अशी सूचना येते ना? लगेच बटण दाबू नका. पण फार टाळूही नका. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि बँकेचं काम आपण त्याच कॉम्प्युटरवर करतो.

आधी बचत-कर्जाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसरीकडे उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणून भागत नाही. प्रिंटर, अंगठ्याचं मशीन चालेल का, विचारून घ्या. मार्चअखेर किंवा ऑडिटच्या तोंडावर तर नकोच. महिन्याचा हिशेब जुळला की करा. नाहीच जमलं, तर १० दिवसांच्या आत सेटिंगमधून जुन्यावर परत जाता येतं. कॉम्प्युटर फार जुना असला तर तो ११ घेतच नाही. मग नव्याच्या खरेदीचा विषय आधी बैठकीत मांडा.