बोंडं फोडायचा दिवस

सकाळी 6. यवतमाळच्या काळ्या रानात सहायक कृषी अधिकारी म्हणून माझा सप्टेंबर कामगंध सापळ्यापासून सुरू होतो. पिशवी हलवून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजते. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की धोक्याची पातळी. कालची तिसरी रात्र, पतंग अकरा.

सकाळी 7:30. सापळा नर पतंग सांगतो, नुकसान बोंडच सांगतं. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, आडवी-तिडवी फिरून एकरात वीस हिरवी बोंडं तोडायची आणि बांधावर फोडायची. वरून बोंड निखळ हिरवं, कुठे छिद्र नाही. अळी अगदी बारीक असताना आत शिरते आणि छिद्र मागे बुजून जातं. फोडलं की एका पाकळीतली सरकी पोखरलेली, ओला कापूस पिवळा पडलेला, मध्ये गुलाबी पट्ट्यांची अळी. विसात दोन किडकी सापडली, म्हणजे दहा टक्के. इथे फवारणी करावीच लागेल. शेजारच्या रानात एकही नाही.

सकाळी 10. "मॅडम, बीटी घेतलं तरी फवारायचंच, मंग महागाचं बी काऊन घ्याव?" ज्यांच्या रानात अळी सापडली, त्या काकाजींचा प्रश्न रास्त आहे. 2002 मध्ये अळीला मारणारं जनुक असलेलं बीटी बियाणं आलं तेव्हा अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर घटल्या. 2006 पासून दोन जनुकांचं बियाणं आलं. पण गुलाबी अळीचं पोट जवळजवळ कापसावरच भरतं. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक उभं, ठेवून आपण तिला उन्हाळ्यापर्यंत खाऊ घातलं. पाकिटासोबत वेगळं मिळायचं ते बिगर-बीटी बियाणं बहुतेकांनी कडेला लावलंच नाही. त्यामुळे बीटीलाही न मरणाऱ्या अळ्यांचीच वीण वाढत गेली. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर तर बीटीचा कधीच परिणाम नव्हता. त्यांच्यासाठी पंप पुन्हा पाठीवर आला.

दुपारी 12. भर उन्हात, वाऱ्याच्या तोंडाला दोन मजूर फवारताना दिसले. तोंडाला नुसता रुमाल. गाडी थांबवून काम बंद करायला लावलं. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. पऱ्हाटी उंच वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. बीटी बियाण्याच्या वादात हे मजूर कुणाच्या हिशेबात नसतात, याचा मला संताप येतो.

दुपारी 4. काकाजींना घेऊन कृषी केंद्रात. तीन डबे एकत्र कालवायचा सल्ला मिळतो, तो मोडून काढते. शिफारशीतलं एकच औषध, लेबलावरचं प्रमाण, सोबत हातमोजे आणि मास्क.

संध्याकाळी 6. पारावर शेजारच्या रानाचे भाऊ भेटले, औषधाचा डबा आधीच घेऊन बसलेले. "काकाजी उद्या मारतात, मी काऊन थांबाव?" त्यांच्या वीस बोंडांत अळी नव्हती, तुडतुडेही पानामागे एखाद-दुसराच. निंबोळी अर्क मारा, चार दिवसांनी पुन्हा फोडू, असं सांगितलं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान डोलावली. डबा मात्र त्यांच्याकडेच राहिला, दुकानदार परत घ्यायला तयार नाही.