दानपेटीला कार्ड टेकवताना

2024 साली साताऱ्याच्या संग्रहालयात जी वाघनखं पाहायला लोक गेले, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आली होती. त्या संग्रहालयात शिरायला तिकीट लागत नाही. ब्रिटनची राष्ट्रीय संग्रहालयं 2001 च्या अखेरीपासून सर्वांना मोफत खुली आहेत. दारात कुणी अडवत नाही, येता-जाता दिसेल अशा जागी दानपेटी तेवढी असते. मला ही रीत फार मोलाची वाटते. ज्याच्या खिशात काहीच नाही अशा पोरालाही नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये टांगलेल्या निळ्या देवमाशाच्या 25 मीटर लांब सांगाड्याखाली मान वर करून उभं राहता येतं. ज्याला जमेल, त्यानं पेटीत टाकावं.

पण टाकायला नाणं तर हवं! 2017 साली ब्रिटनमध्ये डेबिट कार्डानं केलेले व्यवहार पहिल्यांदाच रोखीच्या व्यवहारांपेक्षा जास्त झाले. मन भरून आलेला माणूस पेटीपाशी थांबतो, खिसे चाचपतो आणि ओशाळून पुढे जातो. म्हणून पेट्यांच्या शेजारी कार्ड टेकवायची यंत्रं उभी राहू लागली. 2018 साली चर्च ऑफ इंग्लंडनं आपल्या 16 हजारांवर चर्चना आणि कॅथेड्रलना अशी यंत्रं घेण्याची सोय करून दिली. यंत्रावर रक्कम आधीच ठरलेली असते, किंवा दोन-चार आकड्यांतून एक निवडायचा असतो. कार्ड टेकवलं की झालं.

या टेकवण्यामागचं विज्ञान लंडनमध्येच जन्मलं. ऑगस्ट 1831 मध्ये मायकेल फॅरेडे यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद केला की दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटे. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही जोडलेल्या नव्हत्या. ते कडं आजही त्याच इमारतीत पाहायला मिळतं.

दान-यंत्राच्या दर्शनी भागाखाली असंच एक वेटोळं असतं. त्यातल्या प्रवाहाची आंदोलनं सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार वेळा होतात. दुसरं वेटोळं आपल्या कार्डात, प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये दडलेलं असतं. कार्डात बॅटरी नसते. यंत्राच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला जी चिमूटभर ऊर्जा मिळते, तिच्यावर चिप जागी होते. उत्तर देण्याची तिची रीतही सुंदर आहे. ती स्वतः काही प्रक्षेपित करत नाही, आपण ओढत असलेला भार ठरावीक लयीत कमी-जास्त करते. विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याला खालून कुणी हिसका दिला, तर वर दोर धरलेल्या हाताला तो जाणवतो. यंत्राला कार्डाचं बोलणं तसं जाणवतं.

यंत्र कुठे बसवावं, हे ठरवताना हेच भौतिकशास्त्र आडवं येतं. वेटोळ्याच्या आकारापेक्षा जरा दूर गेलं की अंतर दुप्पट होताच क्षेत्र सुमारे आठपट दुबळं होतं, म्हणून कार्ड चारेक सेंटीमीटरच्या आत आणावं लागतं. जुन्या इमारतीला शोभावी म्हणून कुणी देखणी पितळी चौकट बनवून घेतली आणि यंत्र तिच्यामागे बसवलं, तर ते मुकंच होतं. धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि मूळ क्षेत्रालाच विरोध करतात. लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक चालतं. मागच्या बाजूला धातू अटळ असेल, तर मध्ये फेराइटचा पातळ थर द्यावा लागतो. शिवाय यंत्राला बँकेशी बोलायचं असतं. दगडी भिंती हातभर जाड असतील, तर मोबाइलचा सिग्नल आत पोचेलच असं नाही.

गर्दीत कुणी हा संवाद चोरून ऐकला, तर? चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीच बाहेर पडत नाही. रक्कम, यंत्रानं दिलेला यादृच्छिक आकडा आणि कार्डाची स्वतःची मोजणी यांच्यावर किल्लीची प्रक्रिया करून चिप एक संकेत तयार करते. तो त्याच व्यवहारापुरता असतो. उद्या कुणी तोच पुन्हा वापरायला गेलं, तर बँक नाकारते.

इथवर तंत्रज्ञान आपलं काम चोख करतं. अडचण दुसरीकडे आहे.

आपल्याकडे पेटीवर ‘गुप्तदान’ लिहिलेलं असतं. संग्रहालयांच्या काचेच्या पेट्या मात्र मुद्दाम पारदर्शक केलेल्या असतात. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या एका कलादालनात रिचर्ड मार्टिन आणि जॉन रँडल यांनी अशा पेटीत कधी मोठ्या नोटा, कधी छोट्या नोटा, कधी ढीगभर नाणी आधीच ठेवून पाहिली. कधी पेटी रिकामीच ठेवली. त्यांचा शोधनिबंध 2008 सालचा. पेटीत जे दिसे, त्याच्याशी लोक आपलं दान जुळवून घेत. नाणी दिसली तर नाणी पडत, मोठ्या नोटा दिसल्या तर देणारा हात सैल होई. काचेच्या पेटीत आधीच्या दात्यांचा सल्ला साठलेला असतो. कार्डाच्या यंत्रात तो साठत नाही. बँकेकडे पै-पैची नोंद राहते, पण मागून येणाऱ्या पाहुण्याला यंत्र सकाळइतकंच कोरं दिसतं. कार्डानं दान खरोखर गुप्त केलं, तेही नेमकं ज्यानं पाहायला हवं त्याच्यापासून.

म्हणून यंत्रानं उलट काहीतरी द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. जर्मनीतल्या मिझेरिओर या संस्थेनं 2014 साली पडद्यावर पाव दाखवून मधोमध कार्ड ओढायची खाच ठेवली होती. कार्ड ओढलं की पावाची चकती कापली जाई आणि दोन युरो भुकेल्यांसाठी जमा होत. आपण काय केलं, ते देणाऱ्याला आणि मागच्या रांगेलाही त्याच क्षणी दिसे. संग्रहालयांना हे अवघड नाही. देवमाशावर दोन क्षण उजेड पडला, तरी पुरे.

जुनी पेटी मात्र हलवू नये. नेदरलँड्समध्ये आद्रियान सोतेव्हेंट यांनी दारोदार देणगी गोळा करण्याचा प्रयोग केला. जिथे फक्त डेबिट कार्डाचा पर्याय ठेवला, तिथे देणाऱ्यांचं प्रमाण घटलं. आणि मुलांकडे कुठे असतं कार्ड? अनेक संग्रहालयांत नरसाळ्याच्या आकाराची मोठी दानपेटी असते. काठावरून नाणं सोडलं की ते गोल गोल फिरत खाली उतरतं, घेर लहान होतो तसा त्याचा वेग वाढतो आणि अखेरीस घरघर आवाज करत ते मधल्या भोकात नाहीसं होतं. कडेला पाच-सहा पोरं माना फिरवत उभी असतात, आणि त्यातलं एखादं लगेच आईकडे वळून दुसरं नाणं मागतं.