विश्लेषण : पाण्यात टिकतच नाही, ते रसायन मोजायचे कसे?

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांशेजारीच ठाणे खाडी आहे. तेथे कोळी बांधव मासेमारी करतात. त्यामुळे एखादे रसायन पाण्यात गेल्यास माशाच्या चरबीत साठेल का, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

हे कसे तपासतात?
चरबीऐवजी ऑक्टॅनॉल हा तेलकट द्रव घेतात. तो, पाणी आणि रसायन एका बाटलीत हलवतात. थर वेगळे झाल्यावर दोन्हींतील प्रमाण मोजतात. तेलात हजारपट जास्त आढळल्यास ‘लॉग’ ३ येतो. स्टॉकहोम करारानुसार ५ पेक्षा जास्त लॉग हे सजीवांत साठण्याच्या शक्यतेचे एक लक्षण आहे.

अडचण कुठे येते?
काही रसायने पाण्यात विघटित होतात. फोम बनवण्यासाठी लागणारे आयसोसायनेट पाण्याशी अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्याचे अमाइन बनते. मग बाटलीतून मिळणारा आकडा मूळ रसायनाचा राहत नाही.

पर्याय काय?
विघटन संथ असेल, तर एचपीएलसी यंत्र उपयोगी पडते. त्यातील नळीत तेलासारखा लेप दिलेली बारीक पूड भरलेली असते. पदार्थ बाहेर यायला जितका उशीर, तितकी त्याची तेलाकडे ओढ जास्त. लॉग माहीत असलेल्या पदार्थांशी तुलना करून आकडा काढतात.

पदार्थ क्षणात विघटित होत असेल, तर त्यापासून बनणाऱ्या पदार्थांची चाचणी महत्त्वाची ठरते. कारण माशापर्यंत तेच पोहोचणार असतात.