रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

थंडी पडली की हतनूर धरणाच्या फुगवट्यावर चक्रवाक, तलवार बदक, मोठी लालसरी असे पाहुणे उतरतात. जळगाव-भुसावळकडची मंडळी रविवारी दुर्बीण घेऊन तिकडे जातात आणि सोमवारी मोबाइलवर ‘दुर्मीळ पक्षी दिसला’ असा निरोप फिरू लागतो. आनंद वाटतोच. पण ‘दुर्मीळ’ हा शब्द जपून वापरण्याचा आहे. का, ते खानदेशातल्याच एका पक्ष्याची गोष्ट सांगते. तिचा आपल्या औषधोपचारांशीही संबंध आहे.

हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. घुबडांच्या कुळातला, जेमतेम वीतभर उंचीचा. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी सध्याच्या छत्तीसगडमध्ये त्याचा पहिला नमुना मिळवला आणि १८७३ मध्ये अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढचे बरेचसे नमुने आपल्या खानदेशातले. जेम्स डेव्हिडसन हे मुलकी सेवेतील इंग्रज अधिकारी शहादा-तळोदा भागात फिरत. त्यांनी ते गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला दिसल्याची खात्रीशीर नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजके पेंढा भरलेले नमुने तेवढे उरले.

त्यातल्या एका नमुन्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी मात्र वेगळे सांगत होती. गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे १९१४ साली हा पक्षी मिळाला, असे तिच्यावर लिहिले होते. तो नमुना कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाच्या संग्रहातला. नाव मोठे असल्याने शंका घेण्याचे कारण कोणाला वाटले नाही. सर्वांत अलीकडची नोंद तीच, म्हणून शोध घेणाऱ्यांनी तिकडे शोधले. सालिम अली, डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांच्या हातीही काही लागले नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी हे नमुने नव्याने तपासले. त्यासाठी त्यांनी जे साधन वापरले ते आमच्या रोजच्या वापरातले आहे : एक्स-रे. पक्ष्याचे कातडे सोलून आत भराव घालण्याची प्रत्येकाची एक पद्धत असते. हस्ताक्षर असावे तशी. १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना उसवून पुन्हा भरलेला होता, तरी डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा त्यात शिल्लक होत्या. म्हणजे तो खानदेशातलाच, एकोणिसाव्या शतकातला नमुना होता. ब्रिटिश संग्रहालयातून तो चोरला गेला होता आणि नवी चिठ्ठी बांधून स्वतःचा म्हणून मिरवला गेला होता.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे तेवढी उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट भारतात आले. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी त्यांना यश आले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी एका उघड्या झाडावर रानपिंगळा उन्हात बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

त्या क्षणीही ही मंडळी आनंदाने ओरडत सुटली नाहीत. गावोगावी दिसणारा साधा पिंगळा याचाच भाऊबंद. त्याच्या डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे, छाती गडद तपकिरी, पोट पांढरेशुभ्र, पायांवर दाट पिसे, शेपटीवर रुंद पट्टे. एकेक खूण पडताळली, छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली आणि मगच जाहीर केले.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात हाच नियम चालतो. पावसाळा सरताना थंडी-ताप घेऊन आलेल्या रुग्णात आधी मलेरिया, डेंग्यू शोधायचा. पुस्तकात वाचलेला दुर्मीळ आजार पहिल्या झटक्यात सुचला, तरी तो अनेकदा साधा पिंगळाच निघतो. उलट, ठरलेल्या चित्रात न बसणारी एखादी खूण दिसली तर ‘असे आजार आपल्याकडे नसतात’ म्हणून तिच्याकडे डोळेझाकही करायची नाही. रानपिंगळाही ‘नसतो’ असेच म्हटले जात होते.

खोट्या चिठ्ठीचा धडा त्याहून मोठा आहे. केसपेपरवर लिहिलेला शब्द पुढचा डॉक्टर खरा धरून चालतो. रक्तदाब न मोजता टाकलेला आकडा, ऐकीव माहितीवर लिहिलेले निदान रुग्णाबरोबर वर्षानुवर्षे प्रवास करते. पेनिसिलिनचेच पाहा. लहानपणी औषध चालू असताना पुरळ आले की ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का बसतो. पाश्चात्त्य देशांत अशा लोकांची रीतसर तपासणी केली तेव्हा दहापैकी सुमारे नऊ जणांना ती अ‍ॅलर्जी नसल्याचे आढळले. तोवर त्यांना महागडी, कधी कमी परिणामकारक औषधे घ्यावी लागतात. अर्थात हा शिक्का स्वतःहून पुसायचा नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तपासून घ्यायचा. पण कोणते औषध, कधी घेतले, नेमके काय झाले, हे घरच्या वहीत लिहून ठेवणे प्रत्येकाच्या हातात आहे.

रानपिंगळा पुढे तोरणमाळ, यावल अभयारण्य, मेळघाट आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही सापडला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले गेले. धोका टळलेला नाही. प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या हजाराच्या आतच आहे. सागाचे विरळ, पानगळीचे जंगल त्याला लागते आणि तेच शेतीसाठी, सरपणासाठी तुटते. शोध चुकीच्या दिशेने चालला होता, त्या दशकांतही ते तुटतच होते. नसलेल्या पक्ष्याचे जंगल कोण राखणार? खोट्या नोंदीची खरी किंमत ही आहे.

तेव्हा या हिवाळ्यात हतनूर, यावलला जरूर जा. घुबड दिसले तर अपशकुन म्हणून दगड उचलू नका. उंदीर खाऊन ते आपलेच काम करते. वेगळे काही दिसले तर तारीख, वेळ, जागा आणि दिसलेल्या खुणा तिथल्या तिथे लिहा. जमल्यास दुरून फोटो घ्या. घरट्याची जागा मोबाइलवर फिरवू नका, ती वनखात्याला कळवा. आणि खात्री नसेल तर नोंदीपुढे ‘बहुधा’ लिहा. आम्हीही लिहितो. त्याने नोंदीचे मोल कमी होत नाही. पुढे तपासणाऱ्याला वाट नीट सापडते.