कधीच न उडालेला फ्यूज

‘आमच्याकडे इतक्या वर्षांत एकदाही फ्यूज उडाला नाही हो,’ असं फ्लॅटमालक कौतुकानं सांगू लागले, की मी आधी मेन स्विच बंद करून फ्यूजचं चिनी मातीचं किटकॅट ओढून बघतो. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे फ्लॅट विकत घेताना टोकन देण्याआधी लोक मला सोबत नेतात. कोथरूडमधल्या १९८३ सालच्या एका इमारतीत किटकॅटमध्ये फ्यूजची बारीक तार नव्हतीच. केबल सोलून काढलेली तांब्याची तार दुमडून, पीळ देऊन बसवलेली. ती कशाला उडते? तिच्याआधी भिंतीतली वायर जळली असती. चिनी मातीवर कडेनं तपकिरी डाग पडलेले, आणि फ्लॅटमालक काका म्हणताहेत, ‘बघा, अजून नव्यासारखा आहे!’

घराला किती वीज पेलवेल हे तीन ठिकाणी ठरतं, आणि तिन्हींत जे कमकुवत तेच खरं. पहिलं ठिकाण वीजबिल. महावितरणच्या बिलावर मंजूर भार आणि फेज छापलेले असतात. जुन्या घरांत हा भार बरेचदा एक-दोन किलोवॅटच दिसतो, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा घरात ट्यूब, पंखे आणि फारतर फ्रिज. भार वाढवून घेणं हे कागदाचं काम आहे: अर्ज, पैसे, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट. थ्री फेज घेतलं तर दरमहा स्थिर आकारही जास्त बसतो. बिल हातात आहेच तर थकबाकी बघून घ्या.

दुसरं ठिकाण तळमजल्यावरची मीटर रूम; खरी गोम तिथेच असते. मीटरपासून फ्लॅटपर्यंत चढलेली केबल किती जाडीची, तांब्याची की अॅल्युमिनियमची, हे बिलावर येत नाही. अॅल्युमिनियम जोडाशी सैल पडतं, सैल जोड तापतो, आणि तापला की आणखी सैल होतो. मीटर रूममध्ये शिरल्यावर मी आधी वास घेतो. जळक्या बॅकेलाइटचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

आता हिशेब करू. मे महिन्यातली रात्र धरा, म्हणजे गीझर सोडून द्या. दीड टनाचे दोन एसी मिळून साधारण 3.2 किलोवॅट, इंडक्शन शेगडी 2, मायक्रोवेव्ह 1.2. बेरीज 6.4 किलोवॅट, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 28 अँपिअर. खाली इलेक्ट्रिक कार 3.3 किलोवॅटच्या चार्जरला लावली आणि ती लाइन याच मीटरवरून घेतली, तर आणखी 14. बेरीज 42 वर. मेनला 32 अँपिअरचा एमसीबी असेल तर तो काही वेळानं पडेल, आणि पडायलाच हवा. इथेच कोणीतरी हुशार माणूस ‘63चा टाकून देतो’ म्हणतो. एमसीबी असतो वायर वाचवायला. वायर तीच ठेवून तो मोठा केला, की काकांच्या किटकॅटचीच नवी आवृत्ती तयार होते. म्हणून डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, उघडल्यावर मी एमसीबीवरचा आकडा आणि त्यातून निघालेल्या वायरची जाडी जोडीनंच बघतो. एसीच्या पॉइंटला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. जुन्या घरात दिव्यांच्या दीडच्याच लाइनवर एसी चढवलेला सापडतो.

तिसरं ठिकाण म्हणजे घरातल्या भिंती. रंग नवा आणि स्विच मॉड्युलर, एवढ्यावर भाळू नका; पाटीमागची वायर जुनीच असू शकते. दोन-तीन पाट्या खोलून बघू देत नसतील तर तेही उत्तरच समजा. प्लगला तिसरं भोक असतं, पण कित्येकदा त्याला अर्थिंगची वायरच नसते. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रलमधूनच तुकडा जोडून अर्थ ‘दिलेला’ असतो. अशा घरात न्यूट्रल तुटला तर वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट उतरतो. ही तपासणी वायरमनकडूनच करून घ्या.

तुम्ही स्वतः एवढं करा: घर बघायला संध्याकाळी जा, एसी, गीझर, इस्त्री एकदम चालू करायला सांगा आणि पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारत बसा. दिवे मंदावतात का बघा. माझ्याकडे मल्टिमीटर असतो; कोथरूडच्या त्या घरात लोड टाकल्यावर 234 व्होल्टवरून काटा थेट 211 ला आला.

वायरिंग बदलायचा खर्च किमतीतून कापून घेता येतो, विक्रेतेही ते मानतात. केबलचं तसं नाही. ती जिन्यातून, सगळ्यांच्या भिंतीवरून जाते. तेव्हा नवी केबल टाकायला आणि मीटर रूममध्ये जागा द्यायला सोसायटीची हरकत नाही, असं पत्र टोकनच्या आधी मागा. ताबा घेतल्यावर कमिटीला जिन्याच्या रंगाची फार काळजी वाटू लागते.