डबीतलं नाणं

सुरतेतल्या इच्छापोरच्या जेम्स अँड ज्वेलरी पार्कात हिरे तपासणाऱ्या मित्राने परवा प्लास्टिकच्या गोल डबीतलं एक नाणं माझ्या हातावर ठेवलं. एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला 'स्टार वॉर्स'मधला काळ्या शिरस्त्राणाचा डार्थ व्हेडर, तोही रंगीत. साल 2011, दर्शनी किंमत 2 डॉलर, एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम चांदी. देश नियुए. "हा देश आला कुठे?" मी विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. दिवसभर भिंगाला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांना डबीवरचा ओरखडा तेवढा आधी दिसला होता.

नियुए हे प्रशांत महासागरातलं 260 चौरस किलोमीटरचं बेट. वस्ती दोन हजारांच्या आत. टांकसाळ नाही, नाणं पाडलं न्यूझीलंड मिंट या खासगी कंपनीने. मग नाव नियुएचं कशाला? कंपनीने स्वतःच्या नावाने चांदीची चकती काढली, तर ते पदक. देशाचं नाव आणि डॉलरचा आकडा पडला की ते कायदेशीर चलन, आणि संग्राहक पदकापेक्षा नाण्यालाच जास्त मोजतो. नाव वापरू दिल्याबद्दल देशाच्या तिजोरीत चार पैसे पडतात. तुवालूची सिम्पसन्सवाली नाणी अशीच ऑस्ट्रेलियात, पर्थला पडतात. पलाऊने तर 2007 मध्ये लूर्दच्या पवित्र पाण्याची कुपी बसवलेलं नाणं काढलं!

जुन्या सुरतेत हा व्यवहार उलटा होता. युरोपीय कंपन्या स्पॅनिश रियाल जहाजांतून आणायच्या आणि इथल्या मोगल टांकसाळीत ते आटवून रुपये पाडून घ्यायच्या, कारण बाजारात चालायचं ते बादशहाचं नाव. त्यातही सराफ साल बघायचा. चालू सालाचा 'सिक्का' रुपया पूर्ण भावाने, जुन्या सालाच्या रुपयाला बट्टा.

डबीतल्या नाण्याला मी फसवणूक म्हणणार नाही. चांदी खरी, वजन खरं. आवडीसाठी जरूर घ्यावं. पण कुणी गुंतवणूक म्हणून गळ्यात मारू लागला, तर आधी त्या दिवसाचा चांदीचा भाव विचारा. मोडीला नेलं की सराफ व्हेडरला नव्हे, काट्याला विचारतो. आणि नियुएच्या दुकानात रोजचं सामान घ्यायला लागतो तो न्यूझीलंडचाच डॉलर.