नकलेतून आपला आवाज

वेगळा आवाज हवा असेल तर कुणाची नक्कल करू नका, असा सल्ला नव्या गायकांना सर्रास मिळतो. मला तो चुकीचा वाटतो. हिंदुस्थानी शास्त्रीय गायक कुमार गंधर्व लहानपणी बड्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात, आणि त्यांची पहिली कीर्ती त्यावरच झाली. पुढे मुंबईत गुरू बी. आर. देवधरांकडे त्यांच्या कानांवर अनेक घराण्यांची गायकी पडली. १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठले, एक फुप्फुस निकामी झाले आणि माळव्यातल्या देवासला काही वर्षे गाणे बंद राहिले. परतल्यावर पूर्वीचा दम नव्हता. गायकीत छोटे, टोकदार स्वरसमूह आणि मोकळ्या जागा आल्या. आजारपणात ऐकलेल्या माळवी लोकधुनांतून नवे राग निघाले.

नक्कल करूनही आवाज आपला का राहतो, याचे कारण शरीरातच आहे. स्वरतंतू नुसते कंप पावतात. घशाच्या, तोंडाच्या आणि नाकाच्या पोकळ्या त्यातल्या काही कंप्रता उठावदार करतात. पोकळ्यांची ही घडण प्रत्येकाची निराळी, म्हणून नक्कल कधीच पुरी साधत नाही. उरलेल्या त्या फरकातच गायकाचे स्वतःचे काही असते. मग कुमारांना आजारानेच शैली दिली, गायकाचे कर्तृत्व काय, असे कुणी विचारेल. जॅझमधला गिटारवादक जँगो राइनहार्ट १९२८ मध्ये आगीत भाजला, डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांतून त्याने नवे वादन घडवले. अशा इजा अनेकांना होतात, पण काय टाकायचे आणि काय वाढवायचे हे इजा ठरवत नाही. म्हणून भंडारा जिल्ह्यात बपेऱ्यासारख्या गावी दंडार हे लोकनाट्य शिकणाऱ्या पोराने बुजुर्गाची नक्कल खुशाल करावी, मोबाइलवर मुद्रित करावी आणि ती कुठे फसते ते ऐकावे.